दाढेतला पावसाळा

हरितल्यांगर हे गाव हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यात आहे. डोंगरउतारावर मक्याची पायऱ्यापायऱ्यांची शेतं, मधूनच पडीक गवताळ तुकडे, आणि पावसानं माती खरवडून नेली तिथं उघडे पडलेले थर. एक राखाडी वाळूखडकाचा, एक तांबूस चिखलखडकाचा, पुन्हा राखाडी, पुन्हा तांबूस. एका जुन्या नदीनं कधी वाळू आणून टाकली, कधी पुराचा गाळ, त्याचा हा ढीग. वय सुमारे ९० लाख वर्षं.

जीवाश्म शोधायला तिथं आम्ही खोदत नाही. वाकून चालतो. रात्री पाऊस होऊन गेला असेल तर सकाळी सूर्य तिरपा असताना उतारावरून फिरायचं, कारण ओल्या मातीत दाताचं इनॅमल काचेसारखं चकाकतं. तिसऱ्या दिवशी मला अशीच एक चकाकी दिसली. अंगठ्याच्या पेराहून मोठी, करड्या-काळ्या रंगाची, वरच्या जबड्यातली दाढ. चावण्याच्या बाजूला इनॅमलच्या नागमोडी घड्या, आणि आतल्या अंगाला एक घडी बाकीच्यांपासून सुटी, बेटासारखी. हे बेट म्हणजे हिपेरियनची खूण. तीन बोटांचा घोडा. एक कोटीहून थोड्या अधिक वर्षांपूर्वी तो आपल्या उपखंडात आला आणि शिवालिकच्या जंगलांतून लाखो वर्षं हिंडला.

दाढ मागच्या बाजूला निमुळती होत गेली होती, म्हणजे ती तिसरी, सगळ्यात शेवटची. मला हवी होती तीच. पहिली दाढ जन्माच्या आसपासच बनू लागते, तिच्यात आईच्या दुधाचं रसायन उतरतं. तिसरी बनते तोवर पिल्लू चरायला लागलेलं असतं, स्वतःच्या तोंडानं पाणी पीत असतं.

माझा अभ्यास याच पाण्याचा आणि चाऱ्याचा आहे. दाढेच्या रसायनावरून त्या काळचा पाऊस, ऊन आणि झाडोरा ओळखायचा.

दातच का, हाडं का नाहीत, असं घरचे सगळेच विचारतात. हाड सच्छिद्र असतं. जमिनीत पडलं की वर्षानुवर्षं त्यातून पाणी झिरपतं आणि मूळचं रसायन बदलून जातं. दाताच्या आतला भाग, म्हणजे डेंटिन, तोही तसाच. इनॅमलची गोष्ट वेगळी. पुस्तकात त्याला दंतवल्क म्हणतात. ते ९६ टक्के खनिज असतं, स्फटिक मोठे आणि गच्च रचलेले. एकदा बनलं की शरीर त्याला पुन्हा हात लावत नाही. हाड आयुष्यभर मोडून बांधलं जातं, इनॅमलचं तसं होत नाही. घोड्याची किंवा बैलाची उंच दाढ वरच्या टोकाकडून मुळाकडे हळूहळू घडत जाते, त्याला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. म्हणून तिच्या उंचीत ऋतू एकाखाली एक बसलेले असतात.

इनॅमलच्या खनिजात थोडा कार्बोनेटचा अंश असतो, काही टक्के. त्यातला कार्बन येतो चाऱ्यातून आणि ऑक्सिजन येतो मुख्यतः पाण्यातून. कार्बनचे दोन टिकाऊ आयसोटोप, म्हणजे वजनानं वेगळे अणू, आहेत, १२ आणि १३. जड तेरा शंभरात जेमतेम एक. झाडं हवेतला कार्बन घेताना या जडाला कमीअधिक टाळतात, आणि किती टाळतात ते झाडाच्या जातीवर ठरतं. गहू, भात, तूर, हरभरा आणि जवळपास सगळी झाडं एका गटात, त्यांना सी-३ म्हणतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं दुसऱ्या गटात, सी-४. जड कार्बन एका ठरलेल्या मानकापेक्षा किती कमी-जास्त, ते आकड्यात सांगतात. पहिल्या गटाचा आकडा दर हजारी उणे २७ च्या आसपास, दुसऱ्याचा उणे १२ च्या आसपास. मोठ्या चरणाऱ्या जनावराच्या इनॅमलमध्ये हा आकडा साधारण १४ नी वर सरकून उमटतो. म्हणजे नुसता पाला खाणाऱ्याचं इनॅमल उणे १३ कडे आणि नुसतं उष्ण प्रदेशातलं गवत खाणाऱ्याचं अधिक २ कडे. दोन्हींतलं अंतर इतकं आहे की चूक व्हायला वाव कमी.

ऑक्सिजनचं काम जास्त नाजूक. जोराचा, लांबलेला पाऊस पडतो तेव्हा जड ऑक्सिजन ढगातून आधीच गळून गेलेला असतो, त्यामुळे त्या पाण्यात हलका भाग वाढतो. उन्हाळ्यात डबकं आटतं, हलकं पाणी आधी वाफ होऊन जातं आणि मागे जड उरतं. सस्तन प्राण्याचं अंग बारा महिने ३७ अंशांच्या आसपास असतं, म्हणून दातात उमटणारा बदल अंगाच्या तापमानाचा नसतो, प्यायलेल्या पाण्याचा असतो. घोडा, हत्ती, बैल ही भरपूर पाणी पिणारी जनावरं म्हणून आम्हाला सोयीची. जिराफासारखी जनावरं पाल्यातल्या पाण्यावर भागवतात, आणि पानातलं पाणी उन्हानं आधीच जड झालेलं असतं.

दाढ घेऊन आले तेव्हा वाटलं होतं, आता लगेच कामाला लागू. सरांनी दाढ हातात घेतली, भिंगाखाली पाहिली आणि परत डबीत ठेवली. म्हणाले, "आधी आजच्या जनावराच्या दातावर हात बसू दे. ज्याचा चारा, ज्याचं पाणी तुला माहीत आहे असा दात आण. मग हिला हात लाव."

मला एकच नाव आठवलं. हौश्या.

आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यातलं, आता धाराशिव. हौश्या आमच्या दावणीला जन्मला, देवणी गाईच्या पोटी, २०११ च्या दिवाळीत. मी तेव्हा शाळेत होते, वसुबारसेला गाय-वासराला ओवाळताना तो चार दिवसांचा होता हे मला लख्ख आठवतं. सहा वर्षांचा झाला आणि २०१८ च्या पावसाळ्यात बांधावर चरताना त्याला पान लागलं, साप चावला. आबांनी त्याला चिंचेखाली पुरला. त्या वर्षीच्या पोळ्याला त्यांनी दुसऱ्या बैलाला सजवलं नाही.

फोनवर सांगितलं तेव्हा आबा बराच वेळ गप्प होते.

"काय करायलीस गं त्याच्या दाताचं?"

मी सांगितलं. कडबा खाल्लेला दातात कसा उमटतो, पाऊस कसा उमटतो.

"सगळा जबडा लागतोय का?"

"एक दाढ पुरते, आबा. बाकीचा आपण परत तिथंच ठेवू."

"मग मी काढून ठिवतो. तू नको उकरू." पुढच्या महिन्यात घरी गेले तेव्हा खालच्या जबड्याचा एक भाग धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ फडक्यात बांधून देवळीत ठेवलेला होता.

शास्त्राच्या दृष्टीनं तो दात उत्तम होता, हे लिहिताना जीवावर येतं. जनावर तरुण मेलं म्हणून दाढ फारशी झिजलेली नव्हती. म्हाताऱ्या बैलाच्या दाढेचा वरचा भाग चावून चावून गेलेला असतो आणि त्याबरोबर सुरुवातीचे महिनेही गेलेले असतात. गुरांची तिसरी दाढ नऊ-दहा महिन्यांच्या वयापासून दोन वर्षांच्या वयापर्यंत घडते. हौश्याच्या बाबतीत म्हणजे २०१२ च्या ऑगस्टपासून २०१३ च्या दिवाळीपर्यंत. पुढची साडेचार-पावणेपाच वर्षं तो जगला, औत ओढलं, शर्यतीत पळाला, त्याचं या दाढेत काहीही नाही.

कामाची पद्धत सांगते. दाढ आधी ब्रशनं घासायची, ॲसिटोननं पुसायची, वरचा पातळ थर खरवडून टाकायचा. संग्रहालयातल्या जुन्या दातांवर तर डिंकाचे आणि वॉर्निशचे थर असतात, ते नीट काढले नाहीत तर आपण शेवटी डिंकाचाच कार्बन मोजतो. मग दातांच्या डॉक्टरकडे असतं तसं ड्रिल, हिऱ्याची कणी लावलेलं बारीक टोक, आणि दाढेच्या उभ्या बाजूवर आडव्या खोबणी घालायच्या, एकेक मिलिमीटर रुंदीच्या, एकाखाली एक. प्रत्येक खोबणीची पूड वेगळ्या कागदावर, वेगळ्या कुपीत. दोन खोबणींच्या मध्ये टोक आम्लानं साफ करायचं. एका खोबणीतून ८-१० मिलिग्रॅम पूड मिळते, चिमटीत धरली तर दिसणारही नाही इतकी.

हौश्याच्या दाढेला टोक लावलं आणि केस जळल्यासारखा वास आला. ताज्या दातात सेंद्रिय भाग असतो, तो तापला की असा वास येतो. मी ड्रिल बंद करून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मग परत आले आणि अठरा खोबणी घातल्या.

पूड मिळाली की ती धुवायची. सौम्य सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे घरातल्या ब्लीचच्याच जातीच्या द्रावणात, रात्रभर, म्हणजे सेंद्रिय भाग निघून जातो. पाण्यानं धुणं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं, वरचं पाणी ओतणं, पुन्हा धुणं. मग व्हिनेगरहून कितीतरी पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये चार तास. जमिनीतून नंतर चिकटलेला चुना त्यात विरघळतो. चार तास म्हणजे चारच. जास्त ठेवलं की इनॅमलही विरघळायला लागतं. मी घड्याळ लावून समोर बसायचे.

शेवटी अर्धा-एक मिलिग्रॅम पूड मोजून कुपीत, कुपीत हेलियम, वर फॉस्फोरिक ॲसिडचे थेंब, आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये. यंत्र ४४, ४५ आणि ४६ वजनाचे रेणू वेगळे करून मोजतं. प्रत्येक दहा-बारा नमुन्यांमागे एक मानक दगड मोजायचा, ज्याचा आकडा जगभर ठरलेला आहे, म्हणजे यंत्र भरकटलं तर कळतं. या सगळ्या मापनाचा शून्य कुठला, हे कळलं तेव्हा मी फार हरखले होते. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामध्ये पी डी नावाचा क्रिटेशियस काळातला थर आहे. त्यातल्या बेलेम्नाइट या माकूळवर्गीय प्राण्याचा जीवाश्म म्हणजे शून्य. तो नमुना वापरून वापरून कधीच संपला, आता दुसऱ्या मानकांवरून तोच शून्य काढतात, पण नाव त्याचंच चालतं. ज्वारीच्या कडब्यापासून हिमालयातल्या घोड्यापर्यंत आम्ही जे काही मोजतो ते त्या एका समुद्री जीवाच्या तुलनेत.

हौश्याचे अठरा नमुने आणि इतर दहा-बारा आधुनिक दात झाल्यावर सरांनी हिपेरियनची डबी माझ्यासमोर ठेवली.

जीवाश्माला ड्रिल लावताना जो वास येतो तो फक्त दगडाच्या पुडीचा. ९० लाख वर्षांपूर्वीची वस्तू मी एकदाच झिजवू शकते, पुन्हा भरून काढता येत नाही. फोटो काढले, मापं घेतली, साचा करून घेतला, आणि तरी पहिल्या खोबणीला हात आखडत होता.

आणि पहिली फेरी मी बिघडवली. इनॅमल पातळ होतं, मी जोर जास्त दिला. पांढरट पूड मध्येच किंचित तपकिरी झाली. टोक डेंटिनपर्यंत गेल्याची ती खूण असते. दिव्याच्या पिवळ्या उजेडात मला ती दिसली नाही, की दिसली आणि मी मनावर घेतली नाही, हे आजही मला ठामपणे सांगता येत नाही. नमुने मोजायला दिले. ज्या प्रयोगशाळेत दिले तिथं रांग मोठी होती, चार महिने गेले. आकडे आले तेव्हा बारापैकी पाच खोबणींचे आकडे बाकीच्यांपासून फटकून होते आणि सगळे एकाच दिशेनं, त्या थरातल्या चुनखडीच्या आकड्याकडे झुकलेले. काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे आपल्याकडे शेतकऱ्याला माहीत असतात, तसेच खडे त्या जुन्या मातीतही आहेत. डेंटिननं जमिनीतला चुना शोषून घेतला होता आणि मी तो इनॅमलमध्ये मिसळला होता.

ते पाच नमुने गेले ते गेलेच. ती खोबण पुन्हा भरत नाही. मी दाढेच्या दुसऱ्या बाजूवर, पांढऱ्या दिव्याखाली, भिंग लावून नव्यानं काम केलं. पूर्ण बारा खोबणींना तीन दिवस लागले. मुद्दाम डेंटिनचे दोन नमुनेही वेगळे घेतले. इनॅमल आणि डेंटिन यांचे आकडे सारखे आले तर समजायचं, जमिनीनं सगळंच एकरूप करून टाकलंय. वेगळे आले तर इनॅमलवर भरवसा ठेवायला जागा आहे. आता हा नियम मी कधीच मोडत नाही.

या वेळी आकडे स्वच्छ आले. कार्बन बाराही खोबणींत उणे ११ च्या जवळ. चौदा वजा केले की चाऱ्याचा आकडा उणे २५. आजच्या सी-३ झाडांपेक्षा हे थोडं जड दिसतं, पण त्या काळची हवाच तशी होती. गेल्या दीडदोनशे वर्षांत आपण इतका कोळसा आणि तेल जाळलं आहे की हवेतला कार्बन जवळजवळ दर हजारी दोननं हलका झालाय. आजचा दात आणि जुना दात शेजारी ठेवताना हा फरक जमेत धरावाच लागतो. तो धरला की चित्र सरळ होतं. या घोड्यानं आयुष्यात सी-४ गवत जवळजवळ तोंडात घेतलं नाही. घनदाट सावलीच्या जंगलात आकडा याहून बराच खाली जातो, म्हणजे हे फार गर्द रानही नव्हतं. मोकळं, झाडाझुडपांचं, सी-३ चाऱ्याचं वन.

शेजारीच मी पिंजोर थरातल्या एका दाढेचे आकडे ठेवले. चंदीगडजवळच्या टेकड्यांतले हे थर खूप नंतरचे, वीस-पंचवीस लाख वर्षांच्या आतबाहेरचे, आणि दाढ आजच्या घोड्याच्या गणातली. तिथं कार्बन शून्याच्या आगेमागे. बहुतांश सी-४ गवत. दोन घोडे, तोच डोंगरपायथा, आणि मधल्या काळात सगळं रान बदलून गेलेलं.

हा बदल कधी झाला ते आधीच माहीत आहे. जे क्वेड, थ्युअर सेर्लिंग आणि जॉन बोमन यांनी १९८९ साली पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरच्या शिवालिक थरांतली चुनखडी तपासून दाखवलं की साधारण ७४ ते ७० लाख वर्षांपूर्वी तिथं सी-३ झाडोरा मागे हटून सी-४ गवत पसरलं. त्यांनी त्याचा संबंध मोसमी पावसाच्या वाढत्या जोराशी लावला. पुढे १९९७ साली सेर्लिंग आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या खंडांतल्या जनावरांचे दात तपासून दाखवलं की असा बदल ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी जगात अनेक ठिकाणी झाला, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घटणं हे कारण पुढे आलं. २००१ साली नेपाळच्या शिवालिक थरांतल्या शिंपल्यांवर आणि दातांवर काम झालं, त्यात असं दिसलं की मोसमी पाऊस १ कोटी ७ लाख वर्षांपासूनच जोरदार होता. मग गवत पसरलं ते पावसामुळे, हवेमुळे, लांबलेल्या कोरड्या महिन्यांमुळे की वणव्यांमुळे? माझ्या बारा खोबणींनी याचं उत्तर मिळणार नाही. पण वर्षाच्या आत पाऊस कसा चढला-उतरला, हे मात्र दाढच सांगू शकते.

हिपेरियनच्या ऑक्सिजनची रेषा वर जाऊन खाली आली होती, दर हजारी तीनेकचा फरक. एक उन्हाळा आणि एक पावसाळा. मी ती रेषा छापून टेबलासमोर लावली. रोज सकाळी तिच्याकडे पाहून मला खरोखर भरून यायचं.

हौश्याची रेषा मात्र सुटत नव्हती.

कार्बनची सरळ होती, शून्याच्या किंचित वर, पहिल्या खोबणीपासून अठराव्यापर्यंत. कडबाच कडबा. ऑक्सिजन २०१२ च्या पावसाळ्यात फार खाली गेलाच नाही, ते समजण्यासारखं होतं, त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस रुसलेला होता. हिवाळ्यात रेषा वर चढू लागली. आणि मग २०१३ च्या उन्हाळ्यात, ऐन फाल्गुन-चैत्रात, जिथं ती सगळ्यात उंच जायला हवी, तिथं ती थोडी उतरून सपाट झाली. चार खोबणी जवळजवळ एकसारख्या. पुढे २०१३ चा चांगला पाऊस, रेषा नीट खाली. मधल्या सपाट तुकड्याचा अर्थ मला लागेना. मी वाटेल ती कारणं शोधली. इनॅमल एका दिवसात पक्कं होत नाही, काही महिने पिकत राहतं, त्यामुळे ऋतू थोडे एकमेकांत मिसळतात, पण त्यानं टोकं बोथट होतात, असा सपाट पट्टा पडत नाही. पुन्हा मोजलं. तेच.

पोळ्याला घरी गेले तेव्हा आलेख बरोबर नेला होता. जेवणं झाल्यावर ओसरीवर आबांसमोर पसरला. कुठलं टोक कुठला महिना ते बोटानं दाखवलं. हा ऑगस्ट, ही दिवाळी, ही संक्रांत, इथून पुढं काय झालंय ते मला कळत नाही.

आबांनी चष्मा लावला. कागद बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला.

"ही संक्रांत म्हणलीस?"

"हो."

"मग शिवरातीला हीर आटली की आपली." विहिरीकडे हात करून म्हणाले, "त्या साली जनावरं छावणीवर नेली न्हाईत का आपण? तू परीक्षेच्या नादात होतीस. चारसाडेचार महिनं हौश्या छावणीत होता. वाढं खायचा उसाची. पाणी टँकरचं."

"टँकर कुठून भरायचे?"

"बोअरचं होतं ते. लई खोल. गार पाणी."

खोल बोअरचं पाणी वर्षभर एकाच जातीचं असतं, त्याला ऊन लागत नाही. विहिरीच्या तळाचं, दिवसेंदिवस आटत जड होत गेलेलं पाणी सुटलं आणि हौश्या त्या पाण्यावर आला. रेषा उतरून सपाट झाली. आणि कार्बनला यातलं काहीही दिसलं नाही, कारण ज्वारीचा कडबा आणि उसाची वाढी दोन्ही सी-४. खाणं अख्खं बदललं होतं, दावण बदलली होती, आणि ती रेषा जशीच्या तशी.

आबा अजून कागदाकडेच पाहत होते. सपाट तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं लई वाळला होता तो." थोड्या वेळानं म्हणाले, "मी होतो म्हणून सांगितलं. तुझ्या त्या घोड्याला कुणी पाणी पाजलं ते कोण सांगणार?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. हिपेरियनच्या रेषेला मी किती सहज उन्हाळा-पावसाळा म्हणून मोकळी झाले होते. तो घोडा हिमालयाच्या पायथ्याशी राहायचा. पावसाळ्यात तो डबक्याचं पाणी पीत असेल आणि उन्हाळ्यात उंचावरच्या बर्फाचं पाणी घेऊन येणाऱ्या मोठ्या नदीवर जात असेल, तर? उंचावरचं पाणी मुळातच फार हलकं असतं. मग मी ज्याला पावसाळा म्हणते तो कदाचित भर उन्हाळा असेल, आणि रेषा तशीच दिसेल.

परत आल्यावर भिंतीवरचा छापील आलेख काढला नाही, पण त्याच्यावर पेन्सिलीनं लिहिलेले ऋतू खोडले. आता तोच प्रश्न दुसऱ्या बाजूंनी विचारायला सुरुवात केलीय. दाढेतल्या स्ट्रॉन्शियमच्या आयसोटोपवरून जनावर कुठल्या खडकांच्या प्रदेशात चरलं ते कळतं, दूरच्या नदीवर जात असेल तर खोबणीगणिक तो आकडा हलायला हवा. त्याच थरातल्या, पाणी न सोडणाऱ्या जनावरांचे दात मिळाले तर तुलना होईल. आणि नदीतले शिंपले. शिंपलाही थराथरानं वाढतो, पण तो जागा सोडून कुठं जात नाही.

हौश्याचा उरलेला जबडा आम्ही पोळ्याच्या त्याच मुक्कामात, आलेख दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चिंचेखाली परत ठेवला होता. खोबणी घातलेली दाढही मी नेली होती, ती आबांनी जबड्यात तिच्या जागी बसवून पाहिली. बसली. मग वरून माती लोटली.

माझ्या नोंदवहीत प्रत्येक नमुन्यापुढे आता एक जादा रकाना आहे, "पाणी कुठलं". हौश्याच्या ओळीत लिहिलंय: विहीर, शिवरात ते पाऊस, छावणी, टँकर, खोल बोअर, सांगणारे आबा. त्याखाली हिपेरियनची ओळ, ती अजून रिकामी आहे. पाऊस ओसरला की पुन्हा हरितल्यांगरला जायचंय, शिंपले शोधायला. ज्या तांबूस थरात दाढ मिळाली त्याच्या दोन हात खाली वाळूची एक पट्टी आहे, मागच्या खेपेला तिच्यात शिंपल्याचे चुरे दिसले होते आणि मी ते तसेच सोडून पुढे गेले होते.